वाट आणि सातबारा

हॅटफिल्ड आणि मॅकॉय ही अमेरिकेतली एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन घराणी. आज त्यांचं नाव वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगरवाटांना आहे (गंमतच!). चारचाकी मोटारसायकली पळवायच्या या वाटा बहुतांशी कोळसा-लाकूडवाल्या कंपन्यांच्या खासगी जमिनीतून जातात. 1996 मध्ये राज्याने कायदा करून प्राधिकरण नेमलं, 2000 मध्ये वाटा खुल्या झाल्या. हौशी लोक परवान्याचे पैसे भरतात. कुणी पडलं तर दाव्यापासून मालकाला कायद्याचं संरक्षण.

आमच्या माळावरही रविवारी शहरातल्या जीपा येतात. बांध फुटतो, तो पुन्हा घालता येतो. अब्बांची झोप उडालीय ती वेगळ्याच काळजीने. मी त्यांना हे सगळं समजावलं. ते म्हणाले, “बेटा, पोरगं मेलं तर तिकडे कायदा उभा राहील. इथं सातबाऱ्यावर नाव माझं. आणि नाव काय आहे, तेही लोक वाचतील.”

वाटेवर टाकायला मी बाभळीचे काटे तोडून दिले.