५४ टक्के कशाचे?

दहा-बारा वर्षं मी गावातल्या लोकांना रक्ताचे रिपोर्ट वाचून दाखवत होतो. नोकरी तळेगावच्या कारखान्यात झाली, इंग्रजी वाचता येतं, म्हणून आमच्या वडिवळ्यात कुणाला ताप आला की कामशेतहून आणलेला कागद आधी माझ्या ओटीवर यायचा, मग डॉक्टरांकडे जायचा. कधी कधी तो पुढे जायचाही नाही. ‘तात्यांनी बघितलाय, काही नाही म्हणाले,’ एवढ्यावर माणसं निर्धास्त व्हायची. हे चूक होतं. ते कसं कळलं, ते आज मोकळेपणाने सांगतो.

माझी रीत सोपी होती. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या ४,००० ते ११,००० असावी. खाली त्यांचे पाच प्रकार छापलेले असतात: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. प्रत्येकापुढे टक्के आणि शेजारी नॉर्मलची चौकट. आकडा चौकटीत बसला तर ठीक, बाहेर गेला तर यंत्रच तो ठळक छापतं. मी ठळक अक्षर शोधायचो. एकूण पेशी वाढल्या म्हणजे जंतू आहेत, नाही वाढल्या म्हणजे काळजी नको. इओसिनोफिल वाढले की ‘इस्नोफिलिया’ म्हणायचो आणि दही-केळी बंद करायला सांगायचो. अनवाणी चिखलात काम करणाऱ्या माणसाच्या पोटात हुकवर्म जंत असले तरी ह्याच पेशी वाढतात, हे मला ठाऊक नव्हतं. जंताचं साधं औषध लागणाऱ्यांना मी दही सोडायला लावलं असेल.

पहिला धक्का शेजारच्या तीन वर्षांच्या पोराने दिला. सर्दी-तापात त्याचं रक्त तपासलं. लिम्फोसाइट ५८, न्यूट्रोफिल ३४, दोन्ही ठळक. मी त्याच्या आईला म्हणालो, “रक्तात काहीतरी बिघाड दिसतोय, पुण्याला दाखवा.” ती दोन रात्री झोपली नाही. बालरोगतज्ज्ञांनी कागद पाहिला आणि सांगितलं, ह्या वयात असंच असतं. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या रक्तात लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असतात, आणि कागदावरची चौकट मोठ्या माणसाची होती. तिने परत येऊन मला हे सांगितलं, तेव्हा मी “बरं झालं” एवढंच म्हणालो. खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं.

मग धाकट्या भावाची पाळी आली. लावणीचे दिवस होते. खाचरात दिवसभर वाकून काम करणाऱ्याला ताप आला, अंग ठणकलं, तर ते पावसाचं नि कामाचं म्हणून सोडून द्यायची आमच्याकडे सवयच आहे. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने त्याला बळंच नेऊन रक्त द्यायला लावलं. संध्याकाळी तो कागद घेऊन ओटीवर आला. न्यूट्रोफिल ५४, लिम्फोसाइट ३८, मोनोसाइट ६, इओसिनोफिल २, बेसोफिल शून्य. सगळे चौकटीत. प्लेटलेट दीड लाखाच्या वर. एकूण पांढऱ्या पेशी २,४०० आणि तेवढंच अक्षर ठळक. मी म्हणालो, “पेशी वाढलेल्या नाहीत, म्हणजे जंतू नाहीत. पॅरासिटामॉल घे नि पड.”

“मग लावणी उरकून घेऊ ना, दादा?” त्याने विचारलं. मी हो म्हणालो.

पाचव्या दिवशी ताप उतरला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. दुपारपासून पोटात कळा, उलट्या थांबेनात, हातपाय गार. दवाखान्यात नेलं तोवर प्लेटलेट ४०,००० वर आल्या होत्या. डेंगी. सलाईनवर चार दिवस काढून तो घरी आला. डास कुठले म्हणाल, तर आमच्याच पडवीतल्या पिंपातले. गावाला धरणाचं पाणी शेजारी आहे, तरी साठवायची सवय सुटलेली नाही.

डॉक्टरांनी मला जुना कागद पुढ्यात ठेवून विचारलं, “हे ५४ टक्के कशाचे?” मला उत्तर आलं नाही. त्यांनी कागदावरच गणित मांडलं. ८,००० पेशींचे ५४ टक्के म्हणजे ४,३२०. २,४०० चे ५४ टक्के म्हणजे १,२९६. टक्के तेच, पण न्यूट्रोफिल १,५०० च्या खाली गेले की ते कमी धरतात. वाटा सारखा दिसत होता, मूळ डोहच आटला होता. डेंगीत प्लेटलेट घसरण्याच्या आधी पांढऱ्या पेशी उतरू लागतात. म्हणजे खूण तिसऱ्या दिवशीच कागदावर होती, आणि मी ती ‘काळजी नको’ म्हणून वाचली होती. टायफॉइडमध्येही पेशी कमी होऊ शकतात. उलट चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये बहुधा न्यूट्रोफिल वाढतात. मावळात पावसाळ्यातल्या तापाला ह्या सगळ्या वाटा फुटतात. हा रिपोर्ट डॉक्टरांना कुठल्या वाटेने आधी बघायचं ते सुचवतो. रोगाचं नाव मात्र त्यात छापलेलं नसतं.

नंतर मी मुद्दाम कामशेतच्या एका लॅबमध्ये गेलो. तिथल्या ताईंनी काचपट्टीवर रक्ताचा थेंब दुसऱ्या काचेने पुढे ओढून पातळ पसरला, वाळवला, वर लीशमनचा रंग घातला. मग सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. गुलाबी तांबड्या पेशींच्या गर्दीत तीन-चार तुकड्यांचं जांभळं केंद्र असलेला न्यूट्रोफिल. गोल, गडद केंद्राचा लिम्फोसाइट. आणि नारिंगी दाण्यांनी गच्च भरलेला इओसिनोफिल. इओसिन हा रंग शोषतो म्हणून त्याचं ते नाव. रंगांनी पेशी अशा वेगळ्या ओळखायची वाट जर्मनीच्या पॉल एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास घालून दिली. ताई म्हणाल्या, “यंत्र मोजतं, पण त्याला शंका आली की काच मीच बघते.” त्या शंभर पेशी मोजतात. शंभरात एखादा प्रकार १० निघाला, तर खरा आकडा ४ ते १८ च्या मध्ये कुठेही असू शकतो. हे ऐकलं आणि आठवलं, की काल ३ आणि आज ५ असं दिसलं, की मी ‘वाढतंय’ म्हणायचो.

भाऊ बरा झाला, आता बांधावर असतो. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. त्याची बायको मात्र म्हणाली, “भाऊजी, तुम्ही हो म्हणालात म्हणून आम्ही दवाखान्यात जायचे थांबलो.” तिचं म्हणणं खरं आहे, आणि ते मी विसरणार नाही.

माझ्यासारखे वाचून दाखवणारे गावोगाव आहेत. त्यांना आणि त्यांच्याकडे कागद नेणाऱ्यांना माझी विनंती आहे. टक्क्यांच्या आधी एकूण आकडा बघा, दोन्ही गुणून प्रत्यक्ष संख्या काढा, आणि ती डॉक्टरांना विचारा. रुग्णाचं वय, तापाचा कितवा दिवस आणि चालू असलेली औषधं सांगा, कारण स्टेरॉइडनेही न्यूट्रोफिल वाढतात. जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा आणि सोबत न्या. ताप उतरल्यावर पोटात दुखलं, उलट्या झाल्या, कुठून रक्त आलं, तर रिपोर्ट कसाही असो, दवाखाना गाठा. माझ्या ओटीवर आता कागद आला, तर मी घडी उघडत नाही. चपला घालतो आणि त्या माणसाबरोबर डॉक्टरांकडे जातो.