मसूरच्या वाटेवर

दसऱ्याची सुट्टी. सूतगिरणीचा भोंगा गप्प. सायकल काढली, एकटाच निघालो.

आधी कराडजवळचा आगाशिव. डोंगरात साठावर बौद्ध लेणी, दोन हजार वर्षांमागची. चैत्यातला स्तूप साधा. जवळच कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. छिन्नी चालवणाऱ्या हातांची नावं कोण सांगणार? पण घट्टे ओळखीचे वाटले.

मग मसूर स्टेशन. १९०१ साली सातारहून निघालेला छोटा भीमराव घरच्या पोरांसंगं इथंच उतरला. गोरेगावला बापाकडं जायचं होतं. जात कळली नि गाडीवान मिळेना. दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही पोरांनीच बैल हाकायचे या अटीवर. डबा भरलेला होता, पाणी कुणी देईना. पोरं उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय.

स्टेशनाबाहेर टपरीवर चहा सांगितला.

"आडनाव काय, पाव्हणं?"

सांगितलं. सगळ्यांना काचेचे ग्लास, मला कागदी कप. म्हणाला, "ग्लास संपले." समोर चार ग्लास पालथे होते.

मी काहीच बोललो नाही. तेच सलत राहिलं. चहापेक्षा माझं गप्प बसणं कडू.

परतताना तहान लागली. दुसऱ्या टपरीवर उतरलो. आधी आडनाव सांगितलं, मोठ्यानं. मग पाणी मागितलं.