चांदीच्या थेंबात शोधाशोध

काळी जाड कड, मध्ये लख्ख उजेड, आकार अगदी गोल. ‘‘हीच चांदी!’’ भाऊजी म्हणाले. मी कव्हरस्लिप सुईने जरा दाबली, तर ती ‘चांदी’ पसरली, चपटी झाली आणि कडेने निसटून गेली. हवेचा बुडबुडा होता तो.

भाऊजी चांदीचं पाणी घरीच करतात. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकीला एक जोडायच्या, शुद्ध चांदीच्या दोन तारा काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडायच्या आणि वाट बघायची. दागिन्याची चांदी चालत नाही, तिच्यात तांबं असतं. नळाचं पाणीही नको, त्यातल्या क्लोराइडमुळे ते गढूळ होतं. इथपर्यंत सगळं मला पटलं. पुढे ते रोज चमचाभर पितात, हे ताईला पटत नाही. म्हणून माझ्या जुन्या, कॉलेजातल्या मायक्रोस्कोपवर न्यायनिवाडा करायचं ठरलं.

स्लाइडवर कापसाचे तंतू होते, धूळ होती, काचेवरचे ओरखडे होते. चांदी नव्हती. ओळखीच्या निवृत्त प्राध्यापकांना फोन केला तेव्हा ते हसलेच. साध्या मायक्रोस्कोपला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दाखवता येत नाही. भिंग कितीही महाग घेतलं तरी ही अडचण सुटत नाही, कारण ती प्रकाशाच्या तरंगलांबीची आहे. आणि कोलॉइडचे, म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे चांदीचे कण एक ते शंभर नॅनोमीटरचे.

‘‘मग दिसणारच नाहीत?’’

‘‘आकार दिसणार नाही. पण त्यांनी विखुरलेला उजेड दिसेल. काळा कागद आहे ना घरात?’’

कागदाची गोल चकती कापून कंडेन्सरखाली मधोमध बसवली. सरळ येणारा उजेड अडला, तिरपा तेवढा उरला. सगळं काळं झालं आणि त्या काळ्यात ठिपके नाचायला लागले, उन्हाच्या तिरिपेतल्या धुळीसारखे. रिचर्ड झिग्मंडी यांनी १९०३ च्या सुमारास याच तत्त्वावर अतिसूक्ष्मदर्शक उभा केला आणि १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. आमच्याकडे कागदाची चकती होती. भाऊजी मात्र स्वतःलाच नोबेल मिळाल्यासारखे खूश.

मग ताईने विचारलं, ‘‘नुसत्या पाण्यात काय दिसतं?’’

त्याच बाटलीतलं, तारा न घातलेलं डिस्टिल्ड वॉटर बघितलं. त्यातही ठिपके! कमी होते, पण नाचत तसेच होते. पाण्याचे रेणू धक्के देतात म्हणून कुठलाही बारीक कण असाच थरथरतो. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ साली परागांतून बाहेर पडलेल्या कणांत हेच पाहिलं होतं. नाचतोय म्हणजे चांदी, असं काही नाही. इथे माझी मती खरोखर गुंग झाली. डोळ्यासमोर आहे, पण काय आहे ते सांगता येत नाही!

उलगडा अखेर मिठाने केला. भाऊजींच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकताच फिकट दुधाळ ढग उठला: सिल्व्हर क्लोराइड. नुसत्या पाण्यात तेवढंच मीठ विरघळून गेलं. म्हणजे घरी केलेल्या या पाण्यातली बरीचशी चांदी कण नसून आयन असते, आणि ती आमच्या मायक्रोस्कोपमध्ये कुठल्याच युक्तीने दिसणारी नव्हती. पाणी पिवळसर झालं तर कण तयार होऊ लागलेत असं समजावं. ते निळा-जांभळा उजेड शोषतात. किती कण, किती आयन, हे मात्र प्रयोगशाळेतच मोजावं लागतं.

भाऊजी म्हणाले, ‘‘म्हणजे चांदी आहेच की!’’ आहे, आणि पंचाईत तीच आहे. शरीराला चांदीचा काही उपयोग नाही. ती साठत गेली तर त्वचा निळी-करडी पडते आणि तो रंग सहसा पुन्हा जात नाही. कोलॉइडल चांदीची उत्पादनं कुठल्याही आजारावर सुरक्षित वा गुणकारी मानलेली नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ सालीच दिला आहे. भाजलेल्या जखमेवर डॉक्टर चांदीचं मलम लावतात, ती गोष्ट निराळी. तेव्हा तारा सोडा, ठिपके बघा, मीठ टाकून ढग काढा. पण ते पाणी पिऊ नका.