मुमानीची पुडी

मामूंच्या उशाशी तीन गोष्टी असायच्या. तस्बीह, टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल आणि एक जुना डबा. त्या डब्यात काय आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मामू चिमूरचे. उजवा हात जड पडू लागला, बोलताना शब्द अडायला लागले, तेव्हा त्यांना नागपूरला नेलं. मेंदूत गाठ निघाली, ग्लायोब्लास्टोमा. ऑपरेशननंतर ज्या हॉस्पिटलात रेडिएशन चाललं, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं. 16 ऑगस्ट 1942 ला चिमूर पेटलं त्यामागे ज्यांची भजनं होती, तेच महाराज. 1968 मध्ये तेही कॅन्सरनेच गेले. पाटी वाचून मामू अडखळत म्हणाले, "चला, ओळखीच्याच घरी आलो."

डॉक्टरांनी काहीच लपवलं नाही. रेडिएशनला टेमोझोलोमाइडची जोड दिली तर सरासरी आयुष्य बारा महिन्यांवरून साडेचौदा महिन्यांपर्यंत जातं, असं 2005 च्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं. अडीच महिन्यांचा फरक. बाहेरच्याला तो थोडा वाटेल. पण रमजान ईदपासून बकरी ईदपर्यंत साधारण एवढेच दिवस असतात.

याच काळात मुमानीच्या मोबाइलवर मेसेज आला : व्हिटॅमिन डीने मेंदूच्या कॅन्सरच्या पेशी मरतात. अल्लाहने प्रत्येक आजाराची दवा ठेवली आहे, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. तिने मेडिकलमधून साठ हजार युनिटच्या पुड्या आणल्या आणि रोज एक दुधातून द्यायला लागली. दोनेक महिने. आठवड्याला एक घ्यायची ती पुडी!

मामूंना सारखी तहान लागू लागली. बद्धकोष्ठ, उलट्या, मग भ्रम. आम्हाला वाटलं गाठ वाढली. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "आणखी काय देता?" सगळे गप्प. मुमानीने पिशवीतून डबा काढला. रक्तातलं कॅल्शियम फार चढलेलं निघालं. पुड्या बंद झाल्या, सलाइन लागलं आणि काही दिवसांत मामू माणसं ओळखू लागले.

मी नंतर खूप वाचलं. अवघड गोष्ट ही की मेसेज पूर्ण खोटा नव्हता. व्हिटॅमिन डीला धरून ठेवणारा रिसेप्टर या गाठींच्या पेशींतही सापडतो. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर त्याचं क्रियाशील रूप, कॅल्सिट्रायॉल, टाकलं तेव्हा अनेक प्रयोगांत त्यांची वाढ मंदावली, काही मेल्याही. पण बशीत डोस हवा तेवढा वाढवता येतो, कारण बशीला मूत्रपिंडं नसतात. माणसाच्या रक्तात तेवढं न्यायला गेलं तर आधी कॅल्शियम चढतं. शिवाय काही कॅन्सरपेशी हे व्हिटॅमिन स्वतःच मोडून टाकतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत 25,871 लोक होते. रोज 2000 युनिट घेणाऱ्यांतही कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं नाही. बशीपासून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि तो मेसेज तेवढंच सांगत नव्हता.

त्याच दिवशी डॉक्टरांनी भिंतीला धरून चालणाऱ्या मुमानीकडे पाहिलं आणि तिचीही तपासणी करायला सांगितली. तिचं व्हिटॅमिन डी अगदी तळाला होतं. कंबर आणि पिंडऱ्या दुखतात, हे ती वर्षानुवर्षं सांगत होती. आम्ही म्हणायचो, वय झालं. चिमूरच्या उन्हात मोहफुलं वेचणाऱ्या, धान रोवणाऱ्या बायांना जे ऊन नको नको होतं, ते या बाईला मिळत नव्हतं. घरात अंधारी खोली, बाहेर बुरखा. ज्या पुड्या तिने नवऱ्याला रोज दिल्या, त्यांची गरज खरं तर तिलाच होती, तीही आठवड्याला एक.

मामू पुढच्या हिवाळ्यात गेले. मुमानी इद्दतीला बसली, चार महिने दहा दिवस. मी तिची खाट मागच्या सांदवाडीत टाकली. शेजारची एक खाला कुजबुजली, इद्दतीत असं उघड्यावर? मी म्हटलं, खालाजान, इद्दत घराबाहेर पडायला अडवते, घरातल्या उन्हाला नाही. मुमानी काही बोलली नाही. बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि तस्बीह घेऊन उन्हात बसली.