गुठळी : उपकारक आणि अपकारक

धाराशिव जिल्ह्यात ज्वारीच्या काढणीत विळा कधीच बोटाला लागला नाही, असे घर विरळाच. चिंधी घट्ट धरावी, काही मिनिटांत रक्त थांबते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. यामागे शरीराची केवढी व्यवस्था उभी आहे, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

रक्तवाहिनी कापली जाताच ती प्रथम आकुंचन पावते. मग रक्तातील सूक्ष्म बिंबिका जखमेच्या कडेला चिकटून तात्पुरते बूच बसवितात. पाठोपाठ, मुख्यत्वे यकृतात तयार झालेली प्रथिने एकामागून एक जागी होतात. अखेरीस फायब्रिनचे धागे विणले जातात, त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात आणि गुठळी पक्की होते. जखम भरत आली की शरीर हे जाळे स्वतःच विरघळविते.

ही शक्ती हरपली तर काय होते, हे आपल्या कोरड्या, दगडाळ मुलखातील फुरसे आणि घोणस दाखवितात. त्यांच्या विषाने गोठविणारी प्रथिने भलतीकडेच खर्ची पडतात आणि रक्त गोठेनासे होते. म्हणून डॉक्टर रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत 20 मिनिटे न हलविता ठेवतात. नळी कलंडविल्यावर ते पातळच राहिले, तर सर्पविषावरील लस द्यावी लागते. दंशाची जागा ब्लेडने कापणे किती घातक, हे यावरून उमगावे.

याउलट, जखम नसतानाही गुठळी होऊ शकते. रुडॉल्फ विरचो या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकात केलेल्या अभ्यासावरून तिची तीन कारणे आजही सांगितली जातात : मंदावलेला प्रवाह, वाहिनीच्या अस्तराला झालेली इजा आणि रक्ताची वाढलेली गोठणशीलता. मोडलेल्या हाडामुळे अंथरुणाला खिळलेला रुग्ण, शस्त्रक्रिया झालेला माणूस, नुकतीच बाळंत झालेली स्त्री यांना हा धोका अधिक असतो.

आमच्या परिचयातील एका बाळंतिणीचा एकच पाय सुजून दुखू लागला. घरच्यांना तो वात वाटला. तेल कोमट करून चोळण्याची तयारीही झाली. सुदैवाने भेटीस आलेल्या एका परिचारिका भगिनींनी हात धरला आणि तिला तातडीने सोलापूरला नेले. तपासणीत पायाच्या खोल शिरेत गुठळी आढळली. ती सुटून फुप्फुसात गेली असती, तर प्राणावर बेतले असते. रक्त पातळ करणारे म्हणून ओळखले जाणारे औषध गुठळी वाढू देत नाही. विरघळविण्याचे काम शरीरच करते. म्हणून ते बरे वाटताच आपल्या मनाने बंद करू नये.

वाचकहो, घरोघरी एवढे ध्यानी असू द्यावे : एकच पाय अचानक सुजला, तर तो चोळू नये; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. त्यात धाप लागली वा छातीत दुखले, तर सकाळची वाट पाहू नये. बोटावर जी गुठळी आपल्याला तारते, तीच खोल शिरेत झाली तर मारू शकते.