सा, ग, प आणि एक निळा डबा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. कारण ओघात येईलच. आज लिहायचंय ते एका डब्याविषयी. निळा, धातूचा, चष्म्याच्या घराएवढा लांब पण बराच जाड आणि जड. याला म्हणतात ओव्हरड्राइव्ह पेडल. इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा ॲम्प यांच्या मध्ये हा जोडायचा, जमिनीवर ठेवायचा आणि पायाने दाबायचा. दाबला की गिटारचा चांगला गुळगुळीत आवाज खरखरीत होतो. आणि यासाठी पैसे मोजायचे! आमच्या लहानपणी असा आवाज आला की रेडिओ दुरुस्तीला न्यायचे.

आमचा धाकटा नातू गिटार वाजवतो हे तुम्हाला माहीत आहेच. (गणपतीतला तो कार्यक्रम कुणीही विसरलेलं नाही.) त्याचा आता तिघांचा गट आहे. एक ड्रमवाला, एक बेसवाला आणि हा. गिटार एकच, म्हणजे पोकळी भरायची तर पूर्ण कॉर्ड वाजवायला हवी. कॉर्ड म्हणजे पेटीवर सा, ग, प एकदम दाबल्यासारखं. याच्याकडे आधीचं एक स्वस्तातलं पेडल होतं. ते लावून एकच तार छेडली तर झकास, पण कॉर्ड वाजवली की सगळ्याचा काला. "आजी, मला खरखर हवीय, पण आतले सूर वेगवेगळे ऐकू यायला हवेत," हे त्याचं गाऱ्हाणं. शिकवण्या करून त्याने पैसे जमवले होते, थोडे कमी पडत होते. ते मी देईन म्हटलं, पण दुकानात मीही येणार ही अट.

आता ती न लिहिण्यामागची गोष्ट. नातेवाईक मंडळींनी जरा नीट वाचा, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला गेली तीन-चार वर्षं कमी ऐकू येतंय. मागच्या डिसेंबरात भाच्याच्या लग्नात एका वन्संनी विचारलं, "साडी कुठून घेतलीत?" मी म्हटलं, "स्वारगेटहून, लगेच मिळाली." मी ऐकलं होतं 'गाडी'. त्या हसल्या, सगळे हसले, मीही हसले आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाही. चाळीस वर्षं वर्गात शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडणारी बाई मी! मग मुलीबरोबर जाऊन तपासणी केली. तो आलेख बघितला तर उजवीकडे उतरत जाणारा घाट. खालचे सूर ठीक, वरचे गेलेले. म्हणून स्वर ऐकू येतात आणि स, फ, थ असली व्यंजनं निसटतात. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. केसांमुळे दिसत नाहीत, म्हणून तुम्हाला कळलं नाही, आणि मीही कळू दिलं नाही.

तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी एक गोष्ट समजावून सांगितली होती. यंत्राचा आवाज वाढवला म्हणजे स्पष्ट ऐकू येईल असं नाही. मोठं आणि स्पष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यालयात पन्नास माणसं बोलत असली की आवाज वाढवून काहीच साधत नाही. नातू त्याच्या डब्याबद्दल नेमकं हेच बोलत होता. "आजी, गेन म्हणजे आवाज नव्हे. गेन वाढवला की लाट डब्यात मावत नाही, मग तिचं वरचं आणि खालचं टोक कापलं जातं."

मी बी.ए. झाले मराठी घेऊन. विज्ञानाचा आणि माझा संबंध नववीत सुटला. पण पेटी मी लहानपणापासून वाजवते, त्यामुळे पेटीवर समजावलंस तर कळेल म्हटलं. तर ते असं. एकच सूर असला आणि त्याची टोकं कापली, तर त्यातून त्याच सुराची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनं तयार होतात. ती सगळी त्याच घरातली, म्हणून कानाला आवाज भरीव लागतो. पण दोन सूर एकत्र येऊन मग कापले गेले, की त्यांची बेरीज आणि वजाबाकीही नवे सूर म्हणून वाजू लागतात. मी वही-पेन्सिल घेऊन बसले. सा ४४० धरला. गिटारवर त्याचा ग येतो ५५४.३७ आणि प ६५९.२६. सा आणि प यांची वजाबाकी २१९, म्हणजे जवळजवळ खालच्या सप्तकातला सा. छान. म्हणून हे रॉकवाले नुसते सा-प वाजवतात, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. आता मध्ये ग घाला. ग मधून सा वजा केला तर ११४, आणि प मधून ग वजा केला तर १०५. हे दोन एकमेकांच्या इतके जवळ की सेकंदाला नऊ-साडेनऊ वेळा हेलकावे खातात. तोच काला! शुद्ध गंधार ५५० वर असतो, तो असता तर दोन्ही वजाबाक्या जवळजवळ ११० आल्या असत्या आणि सगळं जुळलं असतं. पण गिटारचे पडदे आणि पेटीच्या पट्ट्या सगळे स्वर समान वाटून केलेल्या. त्यांचा ग जरा चढाच. पेटीवर गायकांचा जो जुना राग आहे, त्यातला मोठा भाग हाच. १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली, ती उठायला १९७१ साल उजाडलं.

"मग ग सोडून दे," मी म्हटलं. तो म्हणाला, "मग गाणं हसरं की रडकं हे कसं कळणार?" खरं होतं. शुद्ध ग की कोमल ग यावरच तर सगळं.

आणि त्यातूनच मला परीक्षेची कल्पना सुचली. (सवय जात नाही.) दुकानात मी भिंतीकडे तोंड करून बसायचं, त्याने त्याच्याच गिटारवर शुद्ध किंवा कोमल ग घेऊन कॉर्ड वाजवायची, मी ओळखायचं. प्रत्येक डब्याला दहा प्रश्न. दुकानातल्या मुलाला गंमत वाटली, त्याने मला खुर्ची दिली आणि पाणीही.

पण आधी डब्याशिवाय दहा प्रश्न घ्यायला हवे होते. नाहीतर चूक डब्याची की कानाची हे कळणार कसं? मला खरं सांगायचं तर घाम फुटला होता. पहिली कॉर्ड वाजली आणि सूर थरथरायला लागले. पोटात गोळाच आला. मग लक्षात आलं, यंत्र बोलण्याच्या सेटिंगवर होतं. लांबलेला सूर ऐकला की त्याला ती शिट्टी वाटते आणि ते दाबायला बघतं. संगीताचं सेटिंग वेगळं असतं, ते लावलं. दहापैकी नऊ! नवाची खूण मी वहीत दोनदा गिरवली.

मग डबे. पहिला हिरवा, आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर. १९७९ पासूनचं घराणं. हा कापण्याआधी खर्जाचा भाग कमी करतो आणि मधले सूर पुढे आणतो. गेनचा काटा मध्यावर ठेवला तर सात गुण, खाली आणला तर नऊ. एकेका तारेला फार गोड, पण कॉर्ड त्याच्यातून जरा नाकात बोलल्यासारखी येते असं दोघांचंही मत पडलं. दुसरा बॉसचा ब्लूज ड्रायव्हर, १९९५ पासूनचा, निळा. काटा खाली ठेवून नऊ. तिसरा होता क्लॉन नावाच्या अमेरिकन पेडलच्या धर्तीवरचा. मूळ १९९४ चं, आता जुना नग घ्यायचा तर लाखांत बोलायचं. त्याची युक्ती मला पटली. कापलेल्या आवाजात न कापलेला आवाजही मिसळून देतो. त्यालाही नऊ. शेवटी दुकानातल्या मुलाने हौसेने निळ्या डब्याचा गेन पूर्ण वर नेला. पाच! म्हणजे छापा-काटा.

तर माझं मत असं झालं, की डबा कोणता यापेक्षा काटा कुठे आहे याने जास्त फरक पडतो. गेन कमी, लेव्हल वर, आणि बाकीचं काम हाताने. निळा घेतला तो एका कारणासाठी. त्यावर तार हळू छेडली की आवाज स्वच्छ, जोरात मारली की खरखरीत. गिटारवरचं आवाजाचं बटण थोडं उतरवलं तरी साफ होतो. मी सुचवलं, ग वरच्या सप्तकातला घेऊन बघ. पेटीवर मी तसंच करते. बघितला, आणि काला आणखी कमी झाला. दुकानातला मुलगा म्हणाला, "आजी, तुम्ही वाजवता का?" नातू म्हणाला, "ती पेपर तपासते."

घरी आल्यावर त्या बेरीज-वजाबाकीवरून मला ह्यांचा तंबोरा आठवला. मिरजेचा, कपाटावर गवसणीत असतो. त्यालाही झणझण आहेच, जवारीची. तरी चार तारा एकत्र वाजून गोंधळ का होत नाही? नातवाने घोडी निरखून बघितली आणि म्हणाला, "आजी, यात प्रत्येक तार आपापली घोडीवर घासते. झणझण आधी, एकत्र येणं नंतर. माझ्या डब्यात आधी सगळ्या तारा एकत्र येतात, मग कापल्या जातात." मी आयुष्यभर तंबोऱ्याशेजारी बसले, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग लावला, जमेल तसा. डोळे मिटून खर्जाची तार छेडत राहिले. हे म्हणायचे, तार चांगली लागली की खर्जातून गंधार आपोआप बोलतो. बोलला. बारीक, पण तोच. मात्र वरची ती झिरमिळ येईना. मी गप्प बसले, कान गेले म्हणायचे ते हेच, असं वाटून. तेवढ्यात नातू म्हणाला, "आजी, हा बोदा वाटतोय. मलाही तेवढंच ऐकू येतंय." म्हणजे जवारी उतरली आहे!

दिवाळीनंतर तंबोरा मिरजेला न्यायचा आहे. कुणाची गाडी त्या बाजूला जाणार असेल तर कळवा. गाडी म्हटलंय, साडी नव्हे.