द्राक्षांच्या गावाहून मोहाच्या गावात

मागच्या डिसेंबरात ऑफिसच्या टोळक्याबरोबर नाशिकला गेलो होतो. गंगापूर धरणाजवळच्या एका वायनरीत वाईन चाखून झाली आणि जेवायला कुठे बसायचं, यावर रेटिंग बघत तासभर काथ्याकूट केला. आयटीवाले आम्ही, सवयच ती!

एप्रिलमध्ये हीच मंडळी माझ्या जिल्ह्यात, गोंदियातल्या नवेगावबांधला आली. तलाव, जंगल सगळं झक्कास. पण जेवायचं कुठे? मी गुपचूप एका रिसॉर्टमध्ये टेबल सांगून ठेवलं. एसी, पनीर बटर मसाला वगैरे. खरं कारण वेगळंच. हॉस्टेलवर मी एकदा मोहाचे लाडू नेले होते, तेव्हापासून चार वर्षं माझं नाव 'हातभट्टी' होतं.

तेवढ्यात मामीचा फोन. "काहून रे, घर असून हाटेलात कायले जेवता?"

गेलो. भात, तलावातल्या मासोळीचा रस्सा आणि शेवटी, च्यायला, मोहाचे लाडूच! मी मान खाली घातली.

नाशिकला द्राक्षांची जात विचारणाऱ्या मित्राने मामीलाही विचारलं, "मामी, ही फुलं कुठली?"

"त्या बांधावरची. पहाटे पडतात, उन्हं चढायच्या आत वेचायची न् मंग वाळवायची."

त्याने दुसरा लाडू उचलला. मी तिसरा.

रिसॉर्टचं टेबल मी अंगणातूनच कॅन्सल केलं. मामीला अजून वाटतं, हाटेल मित्रांनीच शोधलं होतं. खरं सांगायला हवं. असो.